दारू नको, पण ग्लास हवा: न पिणाऱ्यांचा बाजार जपानने कसा उभा केला



डॉक्टरांनी माझी बिअर बंद केली त्याला आता काही वर्षं झाली. फार काही नव्हतं, महिन्यातून एखाद-दोनदा मित्रांबरोबर बसणं. पण लिव्हरचा रिपोर्ट आला आणि तेही गेलं. त्यानंतर पहिल्यांदाच एका डीलर मीटला गेलो होतो. रात्री टेबलावर सगळ्यांसमोर बिअरचे मग आले, वर पांढरा फेस. माझ्यासमोर वेटरने आंब्याचा ज्यूस ठेवला. उंच ग्लास, त्यात स्ट्रॉ, वर कागदाची छोटीशी छत्री. एक जण म्हणाला, "सरांना गोष्टीचं पुस्तकपण आणून द्या रे!" सगळे हसले, मीही हसलो. पण तो गोड ज्यूस चखण्याबरोबर मला काही जाईना. साडेनऊला मी उठलो आणि खोलीवर गेलो. सकाळी कळलं की पुढच्या वर्षाचं मार्जिन कसं वाटायचं ते रात्री त्याच टेबलावर ठरलं होतं. माझ्याशिवाय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे अनुभवलं असेल. कोणी औषधं घेतंय, कोणाला गाडी चालवायची आहे, कोणी मुळातच पीत नाही. या माणसाला आपण काय देतो? ज्यूस, कोल्ड्रिंक, नाहीतर पाणी. आणि तो तक्रारही करत नाही. म्हणून हॉटेलवाल्याला वाटतं, प्रॉब्लेमच नाही.

जपानमध्ये याच माणसासाठी आज बिअर, वाइन, साके, आलुबुखारसारख्या फळाची लिक्युअर, व्हिस्की-सोडा, जिन, सगळ्यांच्या बिनअल्कोहोल आवृत्त्या दुकानात मिळतात. पेयांच्या धंद्यात जायचं असेल किंवा नसेल, हा बाजार कसा उभा राहिला ते समजून घ्या. कारण याची सुरुवात चवीपासून झालेलीच नाही.

टेबलावरचा प्रॉब्लेम

ऑफिस सुटल्यावर सहकाऱ्यांनी मिळून बसायचं, याला तिकडे 'नोमिकाई' म्हणतात. बसल्या बसल्या कोणीतरी म्हणणार, "तोरिआएझु बीरू". म्हणजे, आधी बिअर येऊ दे, बाकीचं मग बघू. सगळ्यांचे ग्लास आले की एकदम उचलायचे, "कान्पाई!" म्हणायचं आणि मग पहिला घोट. त्याआधी कोणी तोंडाला लावत नाही. म्हणजे तो पहिला ग्लास हे पेय कमी आणि हजेरी जास्त.

आता गंमत बघा. आपण दारू पितो तेव्हा शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग दुसरं एक एन्झाइम त्याचा निकाल लावतं. जपानमध्ये साधारण 40 टक्के लोकांमध्ये हे दुसरं एन्झाइम जन्मतःच कमजोर किंवा बंद असतं. अर्धा ग्लास झाला की चेहरा लाल, छातीत धडधड, डोकं जड. अजिबात न झेपणाऱ्या माणसासाठी जपानीत 'गेको' असा जुना शब्दच आहे. म्हणजे ज्या देशात पहिला ग्लास ही हजेरी आहे, तिथेच एवढ्या लोकांना तो ग्लास सोसत नाही.

गेको माणूस काय करायचा? थंड ऊलाँग चहा मागवायचा. त्यातही एक युक्ती होती. शोचू नावाची दारू ऊलाँग चहात मिसळून 'ऊलाँग-हाय' बनवतात आणि ती दिसायला साध्या चहासारखीच असते. त्यामुळे हातात चहाचा ग्लास असला तरी समोरच्याला कळत नाही. लोकांनी स्वतःच असा जुगाड शोधून काढलेला दिसला की उद्योजकाचे कान टवकारले पाहिजेत. ग्राहक तुम्हाला सांगतोय: मला नशा नको, पण वेगळं दिसायचंही नाहीये.

तरीसुद्धा मोठ्या कंपन्या बराच काळ याकडे गांभीर्याने वळल्या नव्हत्या. त्यांना ढकललं ते एका अपघाताने. ऑगस्ट 2006 मध्ये फुकुओका शहरात एका दारू प्यायलेल्या चालकाने पुलावर पुढच्या गाडीला धडक दिली, ती गाडी खाली समुद्रात पडली आणि आतली तीन लहान मुलं गेली. सगळा देश हादरला. 2007 मध्ये कायदा कडक झाला. आता फक्त चालक नाही, तर तो गाडी चालवणार आहे हे माहीत असून त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसून जाणारा, सगळे शिक्षेला पात्र.

इथे थांबा आणि विचार करा, या कायद्याने सगळ्यात जास्त घाबरलं कोण? हॉटेलवाला. त्याच्याकडे चार जणांचा ग्रुप गाडीने येतो, एक जण चालवणार. त्या एकाला दारू दिली तर हॉटेलवाला अडकतो, आणि त्याला काहीच चांगलं दिलं नाही तर ग्रुप लवकर उठतो. म्हणजे नवीन ग्राहक दोन तयार झाले: एक पिणारा नव्हे तो चालक, आणि दुसरा त्याला सर्व्ह करणारा मालक.

त्याआधीही जपानमध्ये 'नॉन-अल्कोहोल' म्हणून बिअर मिळायच्या, पण त्यात 1 टक्क्याच्या आत का होईना, अल्कोहोल असायचं. चालकाला 'थोडंसं' चालत नाही. एप्रिल 2009 मध्ये किरिन कंपनीने 'किरिन फ्री' आणली. डब्यावर आकडा: 0.00 टक्के. दशांश चिन्हानंतरची ती दोन शून्यं हाच त्या मालाचा खरा यूएसपी. मागणी इतकी आली की कंपनीला विक्रीचं टार्गेट वाढवावं लागलं. मग 2010 मध्ये सनटोरीची 'ऑल-फ्री' आली, 2012 मध्ये असाहीची 'ड्राय झीरो'. सनटोरीने अल्कोहोलबरोबर कॅलरी आणि साखरही शून्य केली, म्हणजे गाडी न चालवणारा, पण पोटाचा घेर बघणारा माणूसही ग्राहक झाला.

कायदा, कर आणि काढा

हा भाग थोडा रुक्ष आहे, पण धंद्याचं गणित इथेच आहे.

जपानच्या मद्यकर कायद्यात 1 टक्का किंवा जास्त अल्कोहोल असेल तरच ते पेय 'दारू'. त्याखालचं सगळं सॉफ्ट ड्रिंक. साध्या बिअरच्या 350 मिलीच्या कॅनवरचा मद्यकर ऑक्टोबर 2023 मध्ये 63.35 येन झाला. बिनअल्कोहोलला तो नाही. शिवाय ऑक्टोबर 2019 पासून तिकडे वस्तूंवरचा विक्रीकर दारूला 10 टक्के आणि घरी न्यायच्या बाकी खाण्यापिण्याला 8 टक्के आहे. म्हणजे शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांचा कराचा हिशोब पूर्ण वेगळा. ग्राहकाला स्वस्त देऊनही कंपनीला जागा उरते.

मग हे बनवतात कसं? बिअर म्हणजे काय ते आधी बघू. बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट होतो. माल्ट गरम पाण्यात ठेवून गोड काढा काढायचा, हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळायचा, थंड करून यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व गॅस देतं. पहिला रस्ता म्हणजे यीस्ट टाकायच्या आधीच थांबायचं. काढा घ्यायचा, आंबटपणा, कडवटपणा, सुगंध, गॅस वरून द्यायचा. आंबवणंच नाही, त्यामुळे अल्कोहोल तयारच होत नाही आणि 0.00 छातीठोकपणे लिहिता येतं. जपानी कंपन्यांनी सुरुवातीला मुख्यतः हाच रस्ता धरला. असाहीच्या ड्राय झीरोमध्ये तर माल्टसुद्धा नाही. खाद्यतंतू, सोयाबीनचं पेप्टाइड आणि हॉप्स यांवर तिचं सगळं काम चालतं.

अडचण चवीची. यीस्ट लागलं नाही की काढ्याला उकडलेल्या धान्याचा वास राहतो आणि गोडवा तसाच जिभेवर बसतो. अल्कोहोल फक्त नशा देत नाही, ते घशाला हलका चटका देतं, तोंड कोरडं करतं, दुसरा घोट घ्यायला लावतं. ते काढून घेतलं की पेय 'पाणचट' लागतं. ही पोकळी आंबटपणा आणि गॅसने किती भरायची, यावर वर्षानुवर्षं काम झालं. इतकं, की जानेवारी 2015 मध्ये सनटोरीने असाहीवर पेटंटचा दावा ठोकला. वाद होता बिनअल्कोहोल बिअरमधल्या अर्काचं प्रमाण आणि आंबटपणाची पातळी यांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या कोर्टाने असाहीच्या बाजूने निकाल दिला. बाजारात आधीच असलेल्या मालावरून जाणकार माणूस इथपर्यंत सहज पोहोचू शकला असता, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. 2016 मध्ये दोघांनी समेट केला. बिनदारूच्या बिअरवरून एवढ्या मोठ्या दोन कंपन्या कोर्टात जातात, यावरून त्यात किती पैसा आहे ते ओळखा.

दुसरा रस्ता महागडा. खरी बिअर बनवायची आणि मग अल्कोहोल काढून टाकायचं. अल्कोहोल साधारण 78 अंशांना उकळतं, पण तेवढी उष्णता दिली तर बिअरची चव मरते. म्हणून हवेचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की ते बऱ्याच कमी तापमानालाच उडतं. मार्च 2021 मध्ये आलेली असाहीची 'बीअरी' अशी बनते, तिच्यात 0.5 टक्के अल्कोहोल राहतं. कायद्याने ती दारू नाही, तरी ती पिऊन गाडी चालवू नका असं कंपनी स्वतः सांगते. 2024 मध्ये त्यांनी याच पद्धतीने 0.00 टक्क्याची 'असाही झीरो' देशभर आणली. पण या रस्त्याला महाग मशिनरी लागते, आणि आधी बिअर बनवायची म्हणजे बिअरचा परवाना आला. जपानमध्ये तो मिळवायला वर्षाला किमान 60 किलोलिटर उत्पादनाची अट आहे. छोट्या माणसाने या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

छोट्यांनी काय केलं?

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती 'हॉप्पी'ची गोष्ट. 1948. युद्ध संपून तीन वर्षं झालेली, टोकियोत खरी बिअर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. आकासाका भागातल्या एका छोट्या शीतपेयवाल्याने हॉप्स वापरून बिअरच्या चवीचं पेय काढलं, अल्कोहोल फक्त 0.8 टक्के. स्वस्तातली शोचू तेव्हा मिळायची, पण तिची चव बेकार. लोकांनी शोचूत हॉप्पी ओतली आणि गरिबाची बिअर तयार झाली. आजही टोकियोच्या साध्या दारूच्या ठेल्यांवर मगात शोचू वेगळी आणि हॉप्पीची बाटली वेगळी येते. शोचूला म्हणतात 'नाका', म्हणजे आतलं, आणि हॉप्पीला 'सोतो', बाहेरचं. शोचू संपली की गिऱ्हाईक नुसतं "नाका!" म्हणून हाक देतं. आणि ज्याला दारू नकोय तो नुसती हॉप्पी पितो. किरिन, असाही, सनटोरी, सापोरो या चार हत्तींच्या बाजारात ही कंपनी टिकली, कारण तिने बिअरच्या जागेवर हक्क सांगितलाच नाही. तिने ठेल्यावरची स्वतःची रीत तयार केली.

दुसरं उदाहरण जरा वादाचं आहे. फुकुओकामधल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये ग्वाराना फळाच्या चवीचं गोड पेय विकलं जायचं. मालकाने त्याचं नाव बदलून 'लहान मुलांची बिअर' ठेवलं आणि ते धडाधड खपायला लागलं. पुढे सागा प्रांतातल्या तोमोमासू या शीतपेय कंपनीने गोडवा कमी करून, फेस वाढवून ते 'कोदोमो बीरू' म्हणून बाटलीत भरलं. आत सोडाच, पण बाहेरून तपकिरी बाटली आणि बिअरसारखं लेबल. आई-बाबांबरोबर पोरंही कान्पाई करणार. नाव बदलल्याने धंदा कसा फिरतो याचं हे नमुनेदार उदाहरण आहे, पण मी असा माल विकणार नाही. मोठ्या जपानी कंपन्यासुद्धा आपल्या 0.00 बिअरवर '20 वर्षांवरील व्यक्तींसाठी' असं स्वतःहून छापतात. पोराच्या हातात बिअरची सवय द्यायची नाही, एवढी लाज धंद्यात ठेवावी.

बिअरपलीकडे जाऊ. 'उमे' नावाच्या आंबट फळाची लिक्युअर प्रसिद्ध करणारी ओसाकाकडची चोया कंपनी त्याच फळाचं 0.00 टक्क्याचं सोडायुक्त पेय विकते. त्याचं जपानी नावच 'न चढणारी'! क्योतोमधल्या फुशिमीतली गेक्केइकान ही 1637 पासूनची साके बनवणारी कंपनी, तिनेही बिनअल्कोहोल साके काढली. आणि योकोहामातल्या एका कॉकटेल बारने 'नेमा' नावाची 0.00 टक्क्याची जिन तयार केली. हा बार आहे, कारखाना नाही, हे लक्षात घ्या. काउंटरवर रोज उभं राहणाऱ्याला माहीत असतं की न पिणारा माणूस दुसरा ग्लास का मागवत नाही.

यात 'आमाझाके' मिसळू नका. ते कशाचंही बिनदारूचं रूप नाही, शेकडो वर्षांचं स्वतंत्र पेय आहे. शिजवलेल्या भातात कोजी बुरशी लावलेला तांदूळ मिसळून 55 ते 60 अंशांवर रात्रभर ठेवला की भाताच्या पिठूळपणाची साखर होते. बाहेरून साखर न घालता गोड. एडो काळात ते उन्हाळ्यात रस्त्यावर फिरून विकायचे. मात्र साके गाळून उरलेल्या चोथ्यापासूनही आमाझाके करतात आणि त्यात थोडं अल्कोहोल येऊ शकतं. पाकिटावर घटक वाचल्याशिवाय कोणाला देऊ नका.

आणि शेवटी असाहीचा 2022 मधला प्रयोग. टोकियोच्या शिबुया भागात त्यांच्या गटाने 'सुमादोरी बार' काढला. तिथे एकच कॉकटेल 0 टक्के, 0.5 टक्के किंवा 3 टक्के, हवं त्या पातळीवर मागवता येतं. ग्लास तोच, सजावट तीच. टेबलावर कोण काय पितंय हे विचारायची गरजच पडत नाही. डीलर मीटच्या त्या रात्री मला नेमकं हेच हवं होतं.

"सर, मग जपानहून मागवू का?"

ट्रेनिंगमध्ये हा विषय निघाला की एक तरी हात वर होतो. माझं उत्तर: हिशोब करून बघा. या डब्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी आहे. तुम्ही जपानहून जहाजाने पाणी आणणार, त्यावर ड्युटी, एफएसएसएआयची तपासणी, लेबल, आणि इथे पोहोचेपर्यंत एक्स्पायरीचे निम्मे महिने गेलेले. खप तर कोणालाच माहीत नाही.

दुसरं म्हणजे कायद्याची रेषा इथे वेगळी आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनुसार 0.5 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर ते पेय अल्कोहोलिक. म्हणजे टोकियोत सॉफ्ट ड्रिंक असलेली 0.8 टक्क्याची हॉप्पी इथे दारू ठरते. "तिकडे चालतं" हा युक्तिवाद इन्स्पेक्टरसमोर चालत नाही. घरगुती आंबवलेलं पेय विकायचा विचार असेल, तर आधी लॅबमध्ये अल्कोहोलचं प्रमाण तपासून घ्या. बाटली उन्हात चार दिवस राहिली की आतलं यीस्ट तुमचं लेबल वाचत नाही.

आणखी एक गोष्ट, ही विक्रीच्या पलीकडची. दारू सोडायची धडपड करणाऱ्या माणसाला "ही घ्या, यात काही नाही" म्हणून बिअरच्या चवीचं पेय विकू नका. तो फेस, तो वास, ती कडवट चव त्याला पुन्हा त्याच वाटेवर ओढू शकते. ज्याने मुळात कधी प्यायली नाही आणि ज्याने मोठ्या कष्टाने सोडली, ते दोन वेगळे ग्राहक आहेत. दुसऱ्याला कोकम सरबत द्या, बिनधास्त.

खरं तर कोकमापाशीच माझी गाडी थांबते. आंबट, किंचित तुरट, रंग वाइनला लाजवेल असा. आपण त्यात वाटीभर साखर ओततो आणि स्टीलच्या पेल्यात देतो. साखर एक चतुर्थांश करा, थोडी मिरी, चिमूटभर सैंधव, भरपूर गॅसचा सोडा, दांडीचा काचेचा ग्लास. याला बिअर किंवा वाइन म्हणायची गरज नाही. आपल्याकडे कित्येक घरांत तो शब्दच नको असतो. फक्त ते गोड नसावं, हळूहळू पिता यावं, तिखट चखण्याबरोबर जावं आणि चिअर्सला उचलताना हात अवघडू नये.

या आठवड्याचा गृहपाठ. शनिवारी रात्री तुमच्या गावातल्या एखाद्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये कोपऱ्यातलं टेबल घ्या. वही बरोबर ठेवा. ज्या टेबलांवर दारू आली आहे तिथे न पिणारे किती, त्यांच्यासमोर काय आहे, त्यांनी दुसरा ग्लास मागवला का, आणि ते किती वाजता उठले, एवढंच लिहा. मग वेटरला बोलावून विचारा, "दादा, दारू नको आणि गोडही नको. काय आहे?" तो जे उत्तर देईल ते शब्दशः लिहून आणा.